मॉर्निंग स्टारची लय

"तुझ्या नवऱ्याला सांग, गुडघा जरा तिकडे घे," पास्कू म्हणाला.

"तुझ्या भावाला सांग, तो माझा गुडघा नाही, तुझ्या पर्सचा कोपरा आहे," इनास म्हणाला.

मी पर्स उचलून मांडीवर घेतली. दोघांनी तोंडं फिरवली, एकाने डाव्या खिडकीकडे, एकाने उजव्या. दोन वाड्यांच्या मधे बांध असतो तशी मी मधे. बांधावर कुणी काही पिकवत नाही, पण तो हलला तर मारामारी होते.

गाडी ग्लेनिस चालवत होती. ग्लेनिस माझी मुलगी. पुढच्या सीटवर तिने कुणालाच बसू दिलं नव्हतं. वसईहून वांद्र्यापर्यंत बाप आणि मामा यांना एका सीटवर कोंबायचं, हा तिचा बेत होता आणि तिने तो लपवलाही नव्हता.

"ममा, तुम्ही तिघं मागे कसे गप्प?" आरशात बघून ती म्हणाली.

"गप्प कुठे? गुडघ्यावर चर्चा चालू आहे."

माझा नवरा इनास तुस्कानो आणि माझा धाकटा भाऊ पास्कू एकमेकांशी बोलत नाहीत असं गावात लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं. भरपूर बोलायचे. फक्त माझ्यामार्फत. आमच्या बाबांच्या मयताला दोघे एकाच पेटीला खांदा देऊन चालले होते, पुढे इनास, मागे पास्कू. मी बाजूने रडत चालले होते. त्यातही पास्कू म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, पावलं जपून टाक, उतार आहे." मी डोळे पुसले आणि सांगितलं. इनास पेटीखालून म्हणाला, "त्याला सांग, उतार मला दिसतो." मी तेही पोचवलं. फादर माझ्याकडे बघत राहिले.

हे तीस वर्षांच्या वर चाललं होतं, आणि सगळं एका कॅसेटपायी.

इनासचा चुलतभाऊ बोटीवर होता. एक्याऐंशी साली तो इंग्लंडच्या बंदरातून एक कॅसेट घेऊन आला. कव्हरवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन, आणि तंग पँटी घातलेली नऊ पोरं, काही गोरी, काही काळी. बँडचं नाव 'डॉकयार्ड नाइन'. संगीताचा प्रकार स्का. मूळचा जमैकाचा, पुढे या इंग्लंडच्या पोरांनी धूळ झटकून पुन्हा वाजवायला घेतलेला. मी संगीतातली नाही, पतपेढीत हिशेब लिहिणारी बाई. मला इनासने समजावलं ते असं: आपल्या गाण्यात ठोका पडतो तो पाऊल टेकतं तिथे. स्कामधे पडतो पाऊल उचलतं तिथे. म्हणून ते ऐकताना माणूस बसून राहूच शकत नाही. पाय आपोआप वर जातो, आणि एकदा वर गेला की खाली आणायला दुसरा ठोका लागतो.

आमच्या गावचा लग्नाचा ब्रास बँड म्हणजे मॉर्निंग स्टार. ट्रम्पेटवर इनास, तोच म्होरक्या. ड्रमवर पास्कू. दोघे शाळेपासूनचे जिगरी, इतके की इनास मला मागणी घालायला आला तेव्हा बोलणी पास्कूनेच केली. त्या कॅसेटमधलं 'मंडे शूज' नावाचं गाणं त्यांनी चार महिने खपून बसवलं आणि लग्नात वाजवलं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि कळश्या भरून उंबराचं पाणी आणतात. त्या पाण्याने नवरीची अंघोळ. पूर्वी ही मिरवणूक डुलत डुलत जायची. मॉर्निंग स्टारने 'मंडे शूज' सुरू केलं आणि ती पळत जायला लागली. काय तो वेग! ट्रम्पेटवाल्यांच्या गालांचे फुगे, ड्रमच्या काठ्या दिसेनाशा, आणि मागे कमरेवर कळशी घेऊन धावणाऱ्या लुगड्यातल्या बायका. मांडवात पोचेपर्यंत कळश्या अर्ध्या रिकाम्या. आमची इस्तेरमावशी म्हणायची, "नवरीची अंघोळ रस्त्यालाच झाली, आता नुसतं पुसून घ्या." पण लोक वेडे झाले होते. बाजूच्या गावांनी आपले जुने बँड सोडले. मॉर्निंग स्टार मोकळा नसेल तर लग्नाची तारीख पुढे गेली.

आणि मग एका लग्नात, विहिरीच्या वाटेवर, पास्कूने ड्रम हळू केला. कुणाला न सांगता. पुढचे पुढे गेले, मागचे मागे राहिले. क्लॅरिनेट विहिरीच्या काठाला पोचली तेव्हा ट्रॉम्बोन अजून चिंचेच्या वळणावर होता. इनास मागे फिरला, तरातरा आला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्याने पास्कूच्या हातातल्या काठ्या हिसकावल्या.

"दम नसेल तर घरी बस!"

"दम आहे. तुझा टेपरेकॉर्डरच जोरात पळतो, गाणं मूळचं एवढं जलद नाहीच," पास्कू म्हणाला. "कॅसेटमधला गाणारा ऐकलास? दाढीवाला बाप्या आणि आवाज शाळेतल्या पोराचा?"

"इंग्लंडच्या थंडीत आवाज तसाच होतो."

एवढंच. पास्कूने गळ्यातून ड्रमचा पट्टा काढला, ड्रम रस्त्यात ठेवला आणि घरी गेला. त्यानंतर त्याने काठी धरली नाही. मॉर्निंग स्टारने आणखी दोन-तीन ड्रमवाले करून पाहिले, मग बँडच थंडावला. कॅसेट केव्हाच गुंतून तुटली होती. टेपरेकॉर्डर भंगारात गेला. भांडण तेवढं चालू स्थितीत राहिलं.

आता कुणी म्हणेल, हल्ली सगळं मोबाइलवर मिळतं, ऐकायचं आणि मिटवायचं. ग्लेनिसने एकदा गाणं शोधून काढलंही होतं. इनासने फोन उलटा करून ठेवला. "मोबाइलवर कुणीही काहीही टाकतं. माणसं समोर उभी राहून वाजवतील तेव्हा बोलू." मग तिने मामाला फोन केला. तो म्हणाला, "मला काय करायचंय ऐकून?" हे मात्र मला खटकलं होतं. पतपेढीत माझं आयुष्य गेलं. ज्याची बाजू खरी असते तो कागद नाचवत येतो. कागद नको म्हणणारा माणूस दिसला की मी चष्मा पुसून घ्यायची.

आणि मग ग्लेनिसचं लग्न ठरलं, जानेवारीत. तिने जाहीर केलं, "उंबराच्या पाण्याला मला मॉर्निंग स्टार पाहिजे. ट्रम्पेटवर डॅडी आणि ड्रमवर मामा. दोघे नसतील तर डीजे."

"डीजे?" इनास असा ओरडला, जणू तिने नवराच बदलला होता.

जुन्या गड्यांची जमवाजमव झाली. जे वर गेले नव्हते ते आले. ड्रमवाला तेवढा नव्हता. पास्कू म्हणाला, "बोलावलं तर येईन." इनास म्हणाला, "यायचं असेल त्याने यावं." निरोप मी दोन्हीकडे पोचवले, अनेकदा. डीजेवाल्याने आगाऊ रक्कम मागायला सुरुवात केली. तेवढ्यात ग्लेनिसला कळलं की डॉकयार्ड नाइन अजून जिवंत आहे, म्हाताऱ्यांनी पुन्हा बँड उभा केलाय आणि वांद्र्याला समुद्राजवळच्या मैदानावर वाजवायला येतोय. तिने चार तिकिटं काढली, रांगेतली, लागून. त्या दोघांच्या मधलं माझं.

म्हणून आम्ही गाडीत होतो.

मैदानावर पोचलो तर मला वाटलं आपण ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीला आलोय. काळ्या टोप्या आणि टोप्यांखाली पांढरे केस. काळ्यापांढऱ्या चौकटींचे शर्ट, टाय, मोजे. एका गृहस्थाने तर चौकटींची लुंगी नेसली होती. तरुण पोरंही होती, पण ती भिंतीकडेला, आणि आजोबांकडे आदराने बघत होती. आमचा इनास मॉर्निंग स्टारचा लाल कोट घालून आला होता. पितळी बटणं घासून चकाचक केलेली, पण बटण आणि काज यांच्यात वीतभर अंतर. पास्कू नवा कोरा पांढरा शर्ट घालून आला होता, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून.

"तुझ्या भावाला सांग, लग्नाचा शर्ट आजच घातला तर लग्नात काय घालणार?"

"तुझ्या नवऱ्याला सांग, मला लग्नाचं बोलावणं कुठे आलंय अजून?"

ग्लेनिसने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी तिला म्हणाले, "बघत राहा. अजून बाजा सुरू झाला नाही."

आणि मग सुरू झाला.

नावात नऊ असले तरी स्टेजवर सात आले. त्यातले मूळचे चार असावेत, बाकीचे कुणाचे मुलगे, कुणाचे जावई. सॅक्सोफोनवाला उंच स्टुलावर बसला, बसताना त्याने गुडघ्याला दोन शब्द ऐकवले. ड्रमवर एक शिडशिडीत काळा म्हातारा, दाढी कापसासारखी. गाणारा टक्कल पडलेला, पोट पुढे, काळा चष्मा. मी मनात म्हटलं, झालं, यांना आधी कुणीतरी गरम पाणी द्या. तेवढ्यात त्या काळ्या म्हाताऱ्याने काठ्या एकमेकींवर आपटल्या, एक दोन तीन, आणि ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन असे एकदम सुटले की पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या हातातला पॉपकॉर्नचा पुडा हवेत गेला.

देवा रे! म्हातारे की भुतं? ठोका छातीत पडत होता, पण चुकीच्या जागी, आपण श्वास घेतो तिथे. माझा पाय उचलला गेला. माझा! लग्नात नाचायला लागू नये म्हणून जेवणाची जबाबदारी घेणारी बाई मी. सगळं मैदान एका लयीत वरखाली व्हायला लागलं. गुडघे वर, कोपरं बाहेर, जागच्या जागी पळाल्यासारखं. लुंगीवाले गृहस्थ तर असे उसळत होते की मी दुसरीकडे बघणं बरं समजले.

इनास नाचत होता. लाल कोट पंखासारखा उघडमीट होत होता. पास्कू नाचत होता. इस्त्रीची घडी पहिल्या मिनिटात गेली. दोघे माझ्या दोन बाजूंना, तोंडं स्टेजकडे, आणि त्यांची कोपरं माझ्या बरगड्यांत, एक या बाजूने, एक त्या बाजूने, अचूक ठोक्यावर.

"सांग तुझ्या भावाला!" इनास ओरडला. "ट्रम्पेटवाला श्वास कुठे घेतो ते बघ म्हणावं!"

"त्याला सांग बघतोय!" पास्कू ओरडला. "आणि त्याला सांग, ड्रमवाल्याचं डावं मनगट बघ! नुसतं मनगट! हात हलतच नाही!"

"सांग त्याला, दिसलं!"

"सांग त्याला..."

"अरे, बाजूबाजूला उभे आहात!" मी ओरडले, पण ट्रॉम्बोनपुढे माझं काय चालणार.

एकामागून एक चार-पाच गाणी झाली, सगळी अशीच तोफेच्या तोंडची. दर गाण्यानंतर इनासच्या चेहऱ्यावर तेज चढत होतं. मला कारण कळत होतं. हा वेग बघा म्हणत होता तो मनात. साठी उलटलेली माणसं या वेगाने वाजवतात, आणि आम्ही तर तेव्हा पंचविशीत होतो. कोण म्हणतो आमचा टेप पळत होता? तो माझ्याकडे वाकला आणि म्हणाला, "आता 'मंडे शूज' येऊ दे. तुझ्या भावाला म्हणावं, कान उघडे ठेव."

मी पास्कूकडे वळले. तो नाचायचा थांबला होता. रुमालाने मानेचा घाम पुसत होता, पुसून झालेला घाम पुन्हा पुसत होता.

"बाय," तो म्हणाला, "मी जरा पाणी घेऊन येतो."

"आत्ता?"

"तहान लागली."

"माझ्या पर्समध्ये बाटली आहे. पी."

त्याने बाटली घेतली, उघडली नाही.

गाणारा माइकपाशी आला. धापा टाकत हसला. साध्या इंग्रजीत म्हणाला, "मित्रांनो, आमची वयं बघा. आता आम्हाला जरा दम खाऊ द्या. पुढचं आमचं सगळ्यात हळू गाणं. पहिल्या दिवसापासून आम्ही ते असंच वाजवतो. दिवसभर गोदीत राबून पायी घरी निघालेल्या माणसाचं गाणं आहे. त्याला पळायला लावू नका. 'मंडे शूज'."

मी आधी ऐकलं आणि मग मला कळलं. म्हणजे यांचं सगळ्यात हळू गाणं ते आमच्या पंचक्रोशीतलं सगळ्यात जलद. ज्या गाण्यात इंग्लंडचा थकलेला कामगार एकेक पाऊल ओढत घरी जातो, त्यावर आमच्या बायका कळश्या घेऊन ऊर फुटेस्तोवर धावल्या होत्या. वर्षानुवर्षं!

ड्रम सुरू झाला. ठक, आणि मग वाट बघायची, आणि मग ठक. तेच गाणं. ट्रम्पेटची तीच ओळ जी इनास अंघोळ करताना अजून गुणगुणतो, पण केवढी ऐसपैस! आणि गाणाऱ्याने तोंड उघडलं. विहिरीत मोठा हंडा बुडताना येतो तसा भरदार आवाज, पार तळातला.

माझ्या उजव्या बाजूचं, इनासचं कोपर थांबलं होतं.

"सांग तुझ्या भावाला," इनास म्हणाला. मी वाट बघितली. त्याचे ओठ हलले. "त्याला सांग, म्हातारपणी आवाज..." आणि तो थांबला. इतक्या वर्षांत मला मजकूर नसलेला निरोप पहिल्यांदाच मिळाला. लाल कोटातला माणूस त्या कोटाच्या आत कुठेतरी लहान होत चालला होता. नवरा आहे माझा. त्याची खोड मोडावी असं मला शंभरदा वाटलं असेल, पण ती मोडताना बघवलं नाही.

मी पास्कूकडे वळले. माझी खात्री होती, आता हा उड्या मारणार. या क्षणासाठी त्याने उभी हयात काढली होती, आणि क्षण असा आला होता की खुद्द गाणाऱ्याने माइकवर येऊन साक्ष दिली. उद्या वसईत एकाही माणसाला हे कळायचं राहणार नव्हतं. आणि त्यानंतर इनास या माणसाला ड्रमवर बोलावणार? डीजेवाल्याचा नंबर ग्लेनिसच्या फोनमध्ये होता. मी मनातल्या मनात पास्कूला हात जोडले, बोलू नको, बाबा, आज फक्त बोलू नको.

पण त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हताच. पतपेढीत चौकशी निघाल्यावर काही लोकांचा होतो तसा होता.

"इनास," तो म्हणाला.

माझ्या डोक्यावरून. नाव घेऊन. इनासने मान वळवली.

"तुला एक सांगायचं होतं."

"काय सांगायचंय?" इनास म्हणाला. "ऐकतोय ना मी. कान आहेत मला. तू बरोबर होतास. सांग जा गावाला."

"ते नाही." पास्कूने बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्या दिवशी मला दम लागला होता."

"काय?"

"टेपबिप काही नाही. मला दम लागला होता. खांद्यात गोळे आले होते. चिंचेच्या वळणावर माझ्याच्याने होईना, म्हणून मी हळू केलं. तू काठ्या ओढल्यास, सगळे बघत होते, मग काहीतरी बोलायचं म्हणून मी टेपचं बोललो. तोंडात आलं ते." त्याने स्टेजकडे बोट दाखवलं. "हे आज कळतंय मला. तुझ्याबरोबरच."

स्टेजवर थकलेला कामगार शांतपणे घरी चालला होता. ठक. ठक.

निरोप देण्यासारखं काही नव्हतं.

इनास स्टेज सोडून त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे मी म्हणालो ते खरं होतं? दम नव्हता?"

"नव्हता."

"मग काठ्या घेतल्या त्या बरोबरच!"

"बरोबर," पास्कू म्हणाला. "पण चारचौघांत नाही घ्यायच्या, इनास. माझ्या बहिणीसमोर, सगळ्या वऱ्हाडासमोर. मला बाजूला घ्यायचं होतंस. मी दिल्या असत्या."

इनासने खाली बघितलं. कोटाचं एक बटण धरलं, सोडलं.

"नाही घ्यायच्या," तो म्हणाला. "चारचौघांत नाही घ्यायच्या."

ग्लेनिस माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने माझा दंड इतका दाबला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

"अरे, पण काय वाजवायचो रे आपण!" इनास एकदम म्हणाला. डोळे ओले आणि आवाजात हसू. "याला? या गाण्याला?"

"ऐक," पास्कू म्हणाला. त्याने बाटली माझ्या हातात कोंबली आणि दोन्ही हात मोकळे केले. "ऐक, बसतंय. त्यांच्या एकात आपले दोन बसतात." आणि त्याने टाळ्या धरल्या. गाण्याच्या दुप्पट. पाऊल उचलतं तिथे, आणि मधेही, अशा नेमक्या, कोरड्या, लाकडावर काठी पडावी तशा टाळ्या. इतक्या वर्षांत काठीला हात लावला नव्हता म्हणे! अशी मनगटं घरात दार लावून काहीतरी बडवल्याशिवाय राहत नाहीत. त्याची बायको त्यांच्याकडचे पाट फुटतात अशी तक्रार का करायची, ते मला तिथे कळलं.

इनासने छाती भरून घेतली. ट्रम्पेट नव्हतं, म्हणून तोंडानेच, मूठ ओठांवर धरून, त्याने मॉर्निंग स्टारची ओळ सोडली. पॅप पॅरॅप पॅप पॅरॅप! आमचा वेग. वसईचा वेग. आणि पाय, माझे शहाणे, हिशेबी पाय, विहिरीच्या वाटेला लागले.

लुंगीवाल्या गृहस्थांनी वळून बघितलं. त्यांना काय कळलं देव जाणे, पण ते पास्कूच्या टाळ्यांत सामील झाले. मग त्यांच्या बाजूची बाई. मग ती सगळी रांग. भिंतीकडची पोरं पुढे आली. खाली दुप्पट, वर एकपट, आणि दोन्ही एकमेकांत चाकाच्या दात्यांसारखं बसत होतं. ग्लेनिस किंचाळत होती, "मामा! डॅडी! मामा!"

स्टेजवरच्या काळ्या म्हाताऱ्याने मान वर केली. गर्दीतून शोधत शोधत त्याची नजर लाल कोटावर आली आणि मग पास्कूच्या हातांवर थांबली. तो ऐकत राहिला. कापसाच्या दाढीतून हसला. पास्कूकडे बघून एक काठी वर उचलली, जणू विचारत होता, देऊ?

"दे!" पास्कू ओरडला, मराठीत. "दे की!"

आणि त्याने दिलं. शेवटच्या कडव्याला डॉकयार्ड नाइनचा ड्रम दुप्पट झाला. ट्रॉम्बोनवाला दचकला, सॅक्सोफोनवाला गुडघा विसरून स्टुलावरून उठला, आणि गाणारा हसत हसत, अडखळत, शब्द गिळत धावायला लागला. त्याचा तो थकलेला कामगार अख्ख्या मैदानाला घेऊन धूम पळत घरी गेला. गाणं संपलं तेव्हा गाणारा माइकला धरून वाकला होता. "हे काय होतं?" एवढंच त्याला म्हणता आलं.

"मॉर्निंग स्टार!" इनास ओरडला. "वसई!"

त्याने पास्कूच्या खांद्यावर हात टाकला होता. मला ओलांडून, अर्थात. माझी मान त्या हाताखाली अडकली होती, आणि मी ती काढून घेतली नाही.

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. ग्लेनिसचा संसार झाला, पोरगी झाली. पण मला लग्नापेक्षा परतीची गाडीच जास्त आठवते.

वांद्र्यापासून दोघांची तोंडं सुरू झाली होती. खिडक्यांकडे कुणी बघत नव्हतं.

"मी सांगतो ऐक," इनास म्हणत होता. "ग्लेनिसच्या पाण्याला हळूच वाजवायचं. त्यांच्यासारखं. ऐटीत. एक थेंब सांडता कामा नये."

"वेडा आहेस का?" पास्कू म्हणाला. "लोक काय म्हणतील? मॉर्निंग स्टार म्हातारा झाला? जलद वाजवायचं. आपण वाजवायचो तसंच."

"ते चुकीचं होतं!"

"असू दे चुकीचं! आपलं होतं ना?"

"तुला दम लागेल!"

"लागला तर तुला सांगेन. कानात सांगेन."

"हळू!"

"जलद!"

"तू आयुष्यभर उलटंच बोलणार का?"

"आणि तू? तू आयुष्यभर माझं ऐकणार नाहीस का?"

ग्लेनिस स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होती. नशीब, सिग्नल लाल होता. त्यांचं भांडण माझ्या नाकासमोरून इकडून तिकडे जात होतं आणि मला कुणी एक शब्द विचारत नव्हतं. खरं तर उत्तर सोपं होतं, विहिरीवर कळशी घेऊन गेलेली कुठलीही बाई देईल असं. जाताना कळश्या रिकाम्या असतात, तेव्हा पळा. येताना भरलेल्या असतात, तेव्हा हळू चला. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा कुणीतरी "ऐक रे" म्हणालं, आणि ते मला उद्देशून नव्हतं.

शेवटी मी भावाचा दंड हलवला. "पास्कू, अरे, इनासला सांग, जाताना जलद वाजवा आणि येताना हळू."

"तूच सांग की, बाय," पास्कू म्हणाला. "शेजारीच तर बसलाय तुझ्या." आणि पुन्हा माझ्या डोक्यावरून पलीकडे वळला.